चिनी आणि पाश्चात्त्य चित्रे कशी पाहावीत: खानदेशातील रसिकांसाठी

जळगाव किंवा भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्याने छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील सर्व दालने एका दिवसात संपवण्याचा हट्ट धरू नये. टाटा संग्रहातील युरोपीय चित्रे आणि चिनी कलावस्तू यांतून चार-पाचच निवडून प्रत्येकीसमोर निदान दहा मिनिटे थांबावे.

युरोपीय चित्रासमोर प्रथम प्रकाश कोणत्या बाजूने येतो ते पाहावे, मग खोलीचा भास देणाऱ्या, मागे जाणाऱ्या रेषा कोठे एकवटतात ते शोधावे. लिओनार्दोच्या ‘शेवटचे भोजन’ या भित्तिचित्रात त्या येशूच्या मस्तकाजवळ मिळतात.

चिनी आडवी गुंडाळी (गुंडाळून ठेवायचे लांब चित्र) मात्र उजवीकडून डावीकडे, हातभर उलगडत पाहण्यासाठी असते, त्यामुळे तिच्यात दृष्टीला खिळवणारा एकच बिंदू नसतो. झांग झदुआन याचे सुमारे 5 मीटर लांबीचे नदीकाठच्या नगराचे चित्र असेच पाहणाऱ्याला सोबत चालवते. (आपल्याजवळच्या अजिंठ्यात, 17व्या लेण्यातील विश्वंतर जातकाची चौकटीविना सरकणारी कथा ज्याने सावकाश पाहिली आहे, त्याला ही रीत परकी वाटणार नाही.) कोऱ्या जागेला अपुरेपणा समजू नये, कारण तेथे बहुधा धुके किंवा पाणी असते. लाल शिक्केही अवश्य पाहावेत. त्यांतील अनेक चित्रकाराचे नसून नंतरच्या संग्राहकांचे असतात.

माहितीफलक शेवटी वाचावा आणि मग पुन्हा त्याच चित्रासमोर उभे राहावे.