रायफल घडवून घेण्याआधीची तयारी

हौसेने रायफल घडवून घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा सुट्या भागांची यादी घेऊनच कारागिराकडे पोचतो. नळी अमुक, ट्रिगर तमुक, दुर्बीण तर भारीतलीच हवी. चांगला कारागीर ती यादी शांतपणे ऐकून घेतो, बाजूला ठेवतो आणि विचारतो: मारायचं काय, किती लांबून, आणि ही रायफल खांद्याला लावून चालायचं किती? याची उत्तरं घरूनच कागदावर लिहून न्यावीत.

पहिल्या ओळीत जनावराचं नाव. हरिण, रानडुक्कर, एल्क (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) की आफ्रिकेतला रानरेडा, हे ठरलं की निम्मी रायफल ठरली. दुसऱ्या ओळीत अंतर, पण खरं अंतर. बाकाचा आधार नसताना, चढ चढून धाप लागलेली असताना ज्या पल्ल्यावरून तुमची प्रत्येक गोळी १५ सेंटीमीटरच्या वर्तुळात बसते, तो तुमचा पल्ला. इथे पुष्कळांचा आकडा एकदम निम्म्यावर येतो, आणि आलेला बरा, कारण पाचशे मीटरच्या स्वप्नापायी घेतलेली जड नळी आणि मोठी दुर्बीण पुढे दिवसभर खांद्यावर वागवावी लागते. तिसऱ्या ओळीत वजन. डोंगरात पायी फिरणाऱ्याला दुर्बिणीसकट साडेतीन किलो पुष्कळ झालं. एका जागी दबा धरून बसणाऱ्याला साडेचार किलोही चालतं, उलट तेवढं वजन धक्का सोसायला मदतच करतं.

याच कागदावर काही जण चौथी ओळ लिहितात: घराच्या संरक्षणालाही हीच चालेल. ती ओळ खोडा. कारण पुढे येईलच, पण एका रायफलीकडून ही दोन्ही कामं करून घ्यायला गेलात की शिकारीसाठी ती आखूड होते आणि घरासाठी लांब.

मग कागदपत्रं. परवाना हातात पडेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका, कारागीर कितीही ओळखीचा असला तरी. नियम देशागणिक बदलतात आणि ते फक्त 'बंदूक ठेवता येईल का' एवढ्यापुरते नसतात. अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने रायफल म्हणजे तिचा अनुक्रमांक असलेला रिसीव्हर, म्हणजे नळी आणि ट्रिगर ज्याला जोडतात तो मधला सांगाडा. युरोपात अनेक ठिकाणी नळी आणि बोल्टसुद्धा (मागेपुढे सरकून नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) परवान्यात मोडतात, त्यामुळे जादा नळी मागवणं हाही परवान्याचाच विषय ठरतो. अमेरिकेत १६ इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलला संघीय कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. जर्मनीत रो जातीच्या छोट्या हरणासाठी गोळीची ऊर्जा १०० मीटरवर किमान १००० ज्यूल लागते. त्याहून मोठ्या हरणांना आणि रानडुकराला किमान ६.५ मिलिमीटर व्यास आणि २००० ज्यूल. काही देशांत लष्करी काडतुसं नागरिकांना चालतच नाहीत. आपल्याला लागू असलेला नियम छापील स्वरूपात काढून घ्या आणि त्याची प्रत कारागिरालाही द्या.

आता काडतूस. हे ॲक्शनच्या, म्हणजे काडतूस भरून बाहेर काढणाऱ्या यंत्रणेच्या, आधी ठरवायचं, कारण ॲक्शनची लांबी त्यावर अवलंबून असते. .३०८ विंचेस्टर आणि ६.५ क्रीडमूर आखूड ॲक्शनमध्ये बसतात; .३०-०६ स्प्रिंगफील्ड आणि .२७० विंचेस्टरला लांब लागते. यातलं .३०-०६ हे १९०६ चं, .२७० हे १९२५ चं, .३०८ हे १९५२ चं आणि क्रीडमूर २००७ चं, म्हणजे शंभर वर्षांत हरणाला पुरेशा काडतुसांची कमतरता कधीच नव्हती. माझं मत विचाराल तर पहिली रायफल यांच्यापैकीच एकात करावी. कारागिराने स्वतः बेतलेलं अनवट काडतूस ऐकायला छान वाटतं; परमुलखात सामान हरवलं की ते कुठल्याच दुकानात मिळत नाही. रानरेड्यासारख्या जनावरासाठी १९१२ चं .३७५ हॉलंड अँड हॉलंड आजही पहिलं नाव आहे, पण त्याचा धक्का .३०८ च्या साधारण दुप्पट बसतो. तो आधी कुणाच्या तरी रायफलीवर अनुभवून पाहा. धक्क्याच्या धास्तीने डोळा मिटला की नळी कितीही अचूक असली तरी उपयोग नाही.

काडतुसाबरोबर त्यातून सुटणारी गोळीसुद्धा ठरवा, निदान तिचं वजन आणि धातू. इथे भलेभले घाई करतात. नळीच्या आतला पीळ गोळीला फिरकी देतो, आणि किती फिरकी लागेल हे वजनापेक्षा गोळीच्या लांबीवर ठरतं. ग्रीनहिल या ब्रिटिश गणितज्ञाने १८७९ मध्ये मांडलेलं सूत्र लांबी आणि व्यासावरच उभं आहे. तांब्याची घनता शिशापेक्षा कमी, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते आणि तिला जास्त घट्ट पीळ लागतो. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. आज तुमच्या भागात शिसं चालत असलं तरी रायफल पंचवीस-तीस वर्षं वापरायची आहे, हे धरून पीळ निवडा. .२२३ या छोट्या काडतुसात ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी १२ इंचांत एक फेरा या पिळात निभावते. ७७ ग्रेनची गोळी घ्याल तर ८ इंचांत एक फेरा हवा. क्रीडमूरला ८ इंचांचाच पीळ रूढ आहे. जुन्या .२७० नळ्यांचा पीळ १० इंचांचा असतो, आणि नव्या लांबलचक गोळ्या त्यात स्थिर राहतीलच असं नाही. कारागिराला 'चांगली नळी घाला' एवढंच सांगून मोकळे होऊ नका. ही गोळी, हे वजन, हा पीळ, असं लिहून द्या.

नळीची लांबी हा वादाचा विषय आहे, पण फारसा महत्त्वाचा नाही. एक इंच कमी केला की वेग साधारण सेकंदाला २० ते ३० फुटांनी घटतो. .३०८ ला २२ इंच पुरतात. सायलेन्सर लावायची परवानगी आणि इच्छा असेल तर २० किंवा १८ इंच, कारण पुढे त्याची लांबी वाढणारच. क्रोम-मॉली पोलाद की स्टेनलेस, हे हवामानावर ठरवा. पावसाळी रानात स्टेनलेसची देखभाल सोपी पडते, पण म्हणून ती पुसायचीच नाही असं नव्हे.

ॲक्शनच्या बाबतीत तीन नावं सतत कानावर येतील: १८९८ ची माउझर, १९३६ पासूनचं विंचेस्टरचं मॉडेल ७० आणि १९६२ पासूनचं रेमिंग्टन ७००. माउझरचा रुंद एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस ओढून काढणारा आकडा, काडतूस मॅगझिनमधून उचलल्यापासून पकडून ठेवतो, म्हणून धोकादायक जनावरांच्या शिकारीत तिला मान आहे. रेमिंग्टनच्या ॲक्शनसाठी दस्ते, ट्रिगर आणि दुर्बिणीचे माउंट ढिगाने मिळतात. डावखुरे असाल तर डाव्या हाताचा बोल्ट पहिल्याच भेटीत मागा. जुनी लष्करी ॲक्शन वापरायचा बेत असेल तर तिची तपासणी आणि दाबाची अधिकृत चाचणी यांचा खर्च आधीच धरा. अशी चाचणी करून नळीवर शिक्का मारणाऱ्या संस्था जुन्या आहेत: लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची आणि बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. नळीवर असा शिक्का असल्याशिवाय ती विकता येऊ नये हा नियम त्या काळापासून चालत आला आहे, आणि तो उगाच नाही. चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) बसवणं, हेडस्पेस (काडतूस आणि बोल्ट यांच्यातली नेमकी जागा) जुळवणं ही कामं घरच्या बाकावर करू नका. तिथली चूक चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटते.

आणि आता ज्यासाठी रायफल घडवून घ्यायची, ती गोष्ट: दस्ता. अचूकता आज कारखान्यातल्या रायफलीतही मिळते. तुमच्या अंगाला बसणारा दस्ता मिळत नाही. दस्त्याच्या मागच्या टोकापासून ट्रिगरपर्यंतची लांबी कारखाने साधारण ३४ ते ३५ सेंटीमीटर धरतात. ती तुमची नव्हे, सरासरी माणसाची. मापाला जाताना शिकारीचा जाड कोट घालून जा, हातमोजे घेऊन जा, चष्मा लागत असेल तर तोच चष्मा. मग एक चाचणी करा. रायफल रिकामी आहे हे स्वतः पाहा, कारागिरालाही दाखवा. सुरक्षित दिशेला तोंड करून डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि मग डोळे उघडा. दुर्बिणीतलं दृश्य पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसलं तर दस्ता तुमचा. कडेला काळी कोर दिसली, मान ताणावी लागली किंवा गाल अधांतरी राहिला तर गालपट्टीची उंची चुकली आहे. हीच चाचणी बसून आणि पालथं पडूनही करा, कारण निजून लावताना दस्ता वेगळा वाटतो.

लाकूड की कृत्रिम, यात मी लाकडाच्या बाजूचा, तरीही ओल्या मुलखासाठी फायबरग्लास सुचवीन. अक्रोडाचा फळकुटा निवडत असाल तर नक्षीदार रेषांपेक्षा दस्त्याच्या मनगटाच्या जागी (ट्रिगरमागचा, हाताने धरायचा बारीक भाग) रेषा कशा जातात ते पाहा. तिथे त्या दस्त्याच्या दिशेने सरळ गेलेल्या हव्यात, आडव्या असल्या तर धक्क्याने दस्ता तिथेच चिरतो. लाकूड किती वर्षं वाळवलंय हे विचारायला लाजू नका.

ट्रिगरला फार वेळ नको. शिकारीला सव्वा ते दीड किलोचा, स्वच्छ सुटणारा. याहून हलका ट्रिगर निशाणेबाजीच्या मैदानात ठीक. थंडीत बधिर झालेल्या बोटाला तो कळतच नाही.

दुर्बिणीचं बजेट सुरुवातीलाच बाजूला काढा, नाहीतर शेवटी उरलेल्या पैशांत घ्यावी लागते. डोळा आणि काच यांत ९ सेंटीमीटरच्या आसपास मोकळं अंतर हवं, नाहीतर मोठ्या काडतुसाचा धक्का भुवईवर चंद्रकोर उमटवून जातो. माउंटचे स्क्रू किती ताकदीने आवळायचे तो आकडा बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात असतो. टॉर्क पाना घ्या आणि आकडा वहीत टिपून ठेवा.

कामाला महिने लागतात. तेवढ्यात तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की करून घ्या, काडतुसांसाठी वेगळं कुलूप करा, कानांचं संरक्षण घ्या. रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो आणि एका बारानेही कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. ठरवलेल्या गोळीची काडतुसं एकाच लॉटची घ्या, म्हणजे पुढे नेम हलला तर दोष काडतुसावर ढकलता येणार नाही.

ताबा घेताना घाई नको. अनुक्रमांक परवान्याशी अक्षर-अक्षर जुळवा. नळीवर काडतुसाचं नाव कोरलंय का, चाचणीचा शिक्का आहे का, हेडस्पेस तपासल्याची लेखी नोंद मिळाली का, ते पाहा. कागदाची एक पट्टी नळी आणि दस्ता यांच्या फटीत घालून मागे सरकवा. नळी मोकळी, म्हणजे दस्त्याला न टेकणारी, ठेवायची ठरली असेल तर पट्टी अडखळता कामा नये. दाखवलेल्या टार्गेटवर किती गोळ्या, कुठल्या, किती अंतरावरून, हे लिहिलेलं हवं. नेम बसवताना मात्र पाच गोळ्यांच्या झुपक्यापेक्षा गार नळीतून सुटणाऱ्या पहिल्या गोळीकडे लक्ष द्या. जनावरावर सुटते ती तीच. वेगवेगळ्या दिवशी एकेक गोळी मारून तिची जागा नोंदवा.

राहिली घराची गोष्ट. खोलीतलं अंतर पाच-सात मीटरचं असतं आणि शिकारीची गोळी हलक्या भिंतीतून पार होऊन पलीकडे झोपलेल्या माणसापर्यंत पोचते. बंद खोलीत तिचा स्फोट आणि उजेड तुम्हालाच आंधळं-बहिरं करतो. वेगळं हत्यार घेणार असाल, आणि कायदा परवानगी देत असेल, तर ते आखूड, हलकं, कमी भेदक गोळीचं असावं. पण त्याआधी दारं, कुलपं, बाहेरचे दिवे, आतून कडी लागणारी एक खोली आणि त्यात चार्ज केलेला फोन, एवढं पुरं करा. हत्याराला लावलेल्या दिव्याशिवाय हातात धरायची स्वतंत्र विजेरी हवीच. अंधारातला माणूस ओळखण्यासाठी नळी त्याच्याकडे वळवावी लागली तर तो पाणी प्यायला उठलेला घरचाच मुलगा निघू शकतो. घरात मुलं असतील तर 'उंचावर ठेवलंय' ही व्यवस्था नव्हे. बोटाच्या ठशाने किंवा आकड्यांनी झटकन उघडणारी पक्की पेटी घ्या, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी बोलून ठरवा की रात्री आवाज आला तर कुणी कुठल्या खोलीत जायचं, पोलिसांना फोन कुणी करायचा आणि जागचं कुणी हलायचं नाही.

शिकारीला निघताना बोल्ट काढून वेगळा ठेवा, काडतुसं वेगळ्या डब्यात. परवान्याच्या दोन प्रती, माउंटचा पाना, नळी साफ करायची दोरी आणि स्क्रूंचे आकडे लिहिलेली ती वही, हे सगळं एकाच पिशवीत.