जुना फ्लॅट विकताना जाहिरात आधी आपल्याच परिसरात करा

पुण्यातील कोथरूड किंवा एरंडवण्यासारख्या जुन्या वस्तीतील फ्लॅट विक्रीसाठी हाती आल्यावर एजंटाने संकेतस्थळावर छायाचित्रे टाकण्यापूर्वी त्याच सोसायटीत आणि शेजारच्या इमारतींमध्ये चौकशी करावी, कारण आईवडिलांना जवळ आणू पाहणारी किंवा वाढत्या कुटुंबासाठी दुसरे घर शोधणारी मंडळी पुष्कळदा तिथेच राहत असतात. सचिवांची परवानगी घेऊन सूचनाफलकावर एक पानी माहितीपत्रक लावावे. त्यात ‘प्रशस्त’, ‘आलिशान’ असे शब्द नकोत. कार्पेट एरिया, मजला, लिफ्ट, पार्किंग मालकीचे की सोसायटीने दिलेले, मासिक देखभाल खर्च आणि पाणी येण्याच्या वेळा स्पष्ट लिहाव्यात. पाण्याची वेळ लपवणाऱ्या जाहिरातीवर माझा तरी विश्वास बसत नाही, आणि शेजाऱ्यांना ती ठाऊक असतेच.

कागदपत्रे ग्राहक येण्याआधीच तपासून ठेवावीत: नोंदणीकृत खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातील दस्ताच्या नोंदीचा गोषवारा), सोसायटीतील सभासदत्वाचे शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि कर्ज असल्यास बँकेचे पत्र. इमारतीचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणे, झाले आहे का, हेही विचारून घ्यावे; पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल तर ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो. सभेत ठराव झालेला नसताना ‘लवकरच पुनर्विकास’ असे मात्र कधीही छापू नये. महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात, नोंदणी झालेल्या प्रकल्पातील घराचे काम करण्यासाठी एजंटाचीही महारेरा नोंदणी आवश्यक असते, तेव्हा तो क्रमांक पत्रकावर ठळकपणे द्यावा.