अल्ट्रात 'बास, नको आता' वाटायला लागलं की काय करायचं (आणि खरंच कधी थांबायचं)

अल्ट्रा म्हणजे ४२ किमीच्या मॅरेथॉनपेक्षाही लांबची रेस, आणि तिथे दोन डीएनएफ (डिड नॉट फिनिश, म्हणजे रेस अर्धवट सोडणं) आहेत माझ्या नावावर. एक बरोबर होता आणि एक शुद्ध मूर्खपणा, आणि त्या त्या वेळी मला नेमकं उलटंच वाटत होतं.

मूर्खपणावाला आधी सांगतो. नवी मुंबईत ८० किमीची लूप रेस, म्हणजे ५ किमीच्या त्याच त्याच फेऱ्या, संध्याकाळी ६ ला स्टार्ट, सकाळी ८ ला कटऑफ, तोवर संपवायचं. रात्री २:५० ला माझे ११ लूप म्हणजे ५५ किमी झाले होते. पाय दुखत होते पण ते सगळ्यांचेच दुखतात. खुर्चीत बसलो, समोर आपलीच गाडी दिसत होती, आणि बायकोला एकदम साधूसारखं सांगितलं की मला आता कोणाला काही प्रूव्ह करायचं नाहीये. ती म्हणाली, अहो आधी खा तरी काहीतरी, मग ठरवा. नाही ऐकलं, बिब (छातीवरचा नंबर) देऊन मोकळा. गाडीत तिने दहीभात-लोणच्याचा डबा उघडून हातात दिला आणि ऐरोली येईपर्यंत मी एकदम नॉर्मल, परत पळावंसं वाटायला लागलं! मग डोक्यात हिशोब केला, २५ किमी उरले होते आणि ५ तास १० मिनिटं हातात होती, म्हणजे नुसतं ताशी ५ ने चालत राहिलो असतो तरी मेडल होतं. ठाण्यापर्यंत गाडीत कोणी काही बोललं नाही.

तर पहिली गोष्ट हीच, की रात्री तीन वाजता 'मी हे का करतोय' असा प्रश्न पडला तर त्याचं उत्तर शोधत बसायचं नाही, खायचं. शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा असतो साधारण ४००-५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आसपास, तो कधीच उडालेला असतो, आणि मेंदू चालतो मुख्यतः ग्लुकोजवर. त्यात पहाटे ३ ते ५ बॉडी क्लॉक एकदम तळाला, झोपेची वेळ ती. अशा वेळी आलेला वैराग्याचा विचार हा विचार नसतोच, भूक असते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्स पोटात गेले पाहिजेत, ते गेलेत का हे आधी बघा. मध्यम केळ्यात २५-२७ ग्रॅम असतात, यावरून अंदाज येईल की लोक किती कमी खातात. एनर्जी जेलचा गोडवा नको झाला असेल तर मीठ लावलेला उकडलेला बटाटा, मऊ खिचडी, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, काहीही चालेल, पण चालत चालत खायचं आणि २० मिनिटं जाऊ देऊन मग स्वतःला परत विचारायचं. चहा-कॉफी रात्रीसाठी राखून ठेवा, संध्याकाळीच चार कप मारले तर तीन वाजता काय घेणार.

खाल्लेलं आत राहत नसेल, मळमळत असेल, तर आधी स्पीड कमी करा. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड करायला रक्त कातडीकडे जातं, उरलेलं पायांकडे, पोटाला काय राहणार. दहा-पंधरा मिनिटं निवांत चालायचं, डोक्यावर-मानेवर पाणी किंवा बर्फ, एक-एक घोट. अशा वेळी घट्ट गोड ड्रिंक ढोसलं तर पुढच्या वळणावर बाहेर.

दुसरं म्हणजे खुर्ची. खुर्चीत बसून कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. सोडायचंय ना, खुशाल सोडा, पण पुढच्या एड स्टेशनला (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्याला) जाऊन सोडा. लूप रेसमध्ये हे सगळ्यात अवघड कारण दर लूपला स्वतःची गाडी दिसते, त्यात एसी असतो, त्यात उशी असते. म्हणून गाडी लांब लावायची आणि चावी क्रूकडे, म्हणजे मदतीला आलेल्या आपल्या माणसांकडे. आणि क्रूला आधीच घरी बसवून सांगून ठेवायचं की मी सोडतो म्हटलं की तीनच प्रश्न विचार, शेवटचं काय खाल्लं, लघवी कधी झाली आणि कुठल्या रंगाची झाली. 'बिचारा किती दमलाय' म्हणून गाडीचं दार उघडून देणारा माणूस क्रू म्हणून नेऊ नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

कटऑफचा हिशोब आदल्या दिवशी कागदावर लिहून पाकिटात ठेवा. किती वाजता कितव्या किलोमीटरला असलो तर नुसतं चालून जमतं, एवढंच. रात्री तीनला ८० मधून ५५ वजा करायलासुद्धा त्रास होतो, खोटं नाही सांगत.

आता दुसरा डीएनएफ, बरोबरवाला. ऑक्टोबर हीटमधली ट्रेल, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरची रेस, ५० किमीची. मी घाबरून प्रत्येक स्टेशनला बाटलीभर साधं पाणी पीत होतो, मीठ जवळपास शून्य. ३० च्या पुढे डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, बोटं एवढी सुजली की अंगठी फिरेना, आणि मी मात्र पुढे जायलाच निघालो होतो. मेडिकलवाल्या डॉक्टरांनी माझ्या घड्याळाच्या पट्ट्याचा मनगटावरचा खोल वळ बघितला आणि सरळ बसवलं. रक्तातलं सोडियम खाली जातं याने, आणि त्यावर अजून पाणी पिणं म्हणजे आगीत तेल. जास्त झालं तर फिट येऊ शकते, माणूस जाऊ शकतो. म्हणून तहान लागेल तेवढंच प्यायचं, आणि ओआरएस घेताना अख्खं मोठं पाकीट एक लिटरमध्ये, ग्लासभर पाण्यात अर्धं ओतून नाही.

तर थांबायचं कधी? लघवी कोकाकोलासारखी गडद झाली तर तिथेच थांबून डॉक्टरकडे, स्नायू तुटून किडनीवर लोड येतोय. बोलणं अडखळतंय, दिशा कळत नाहीये, अंग तापलंय तर तो उष्माघात असू शकतो, तिथे हिंमत-बिंमत काही नाही, अंग गार करायचं आणि हॉस्पिटल. छातीत दुखलं तर विचारायलाच नको. हाडावर एका ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते आणि चालच बदललीये, तरी थांबायचं. आणि कोणी पाठीवर थाप मारून ब्रुफेन पुढे केली तर नको म्हणा, पाणी कमी झालेल्या किडनीला ती गोळी म्हणजे वरून लाथ.

यातलं काही नसेल, नुसता कंटाळा असेल, तर त्याची प्रॅक्टिस करता येते. मी पाम बीच रोडवर बेलापूर-वाशी असं पहाटे तेच तेच करतो, मुद्दाम, बोअर होण्यासाठी. पण सगळ्यात भारी म्हणजे लाँग रनचा रूट असा आखायचा की ३० किमीला स्वतःच्या सोसायटीचं गेट येईल, आतून कुणाच्या तरी पोह्यांचा वास येईल, आणि गेटवरून वळून उपवन तलावापर्यंत अजून ८ मारायचे. वॉचमन वेड्यासारखं बघतो, बघू दे. येऊरचा चढ उत्तम पण अंधारात नको, ते संजय गांधी उद्यानाचंच जंगल आहे आणि बिबट्याला तुमचं ट्रेनिंग प्लॅन माहीत नाही.

आणि सोडलंच तर गपचूप घरी जाऊ नका. बिब नंबर सांगून नोंद करा, नाहीतर व्हॉलंटियर रात्रभर टॉर्च घेऊन तुम्हाला शोधत बसतील आणि तुम्ही इकडे ठाण्यात घोरताय. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'काय झालं रे' येणारच, एका ओळीत उत्तर द्यायचं आणि फोन उलटा ठेवायचा. साउथ आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स रेसमध्ये ९० किमीच्या आसपास पळून १२ तासांचा कटऑफ काही सेकंदांनी हुकणारे असतात, तिथे रेसचा ऑफिसर पळत येणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक वाजवतो, त्यामुळे आपलं दुःख जरा मापात ठेवा. त्याच आठवड्यात आठवतंय तोवर वहीत लिहा, कितव्या तासाला काय खाल्लं, काय प्यायलं, डोक्यात पहिल्यांदा 'सोडू' कधी आलं. माझ्या वहीत दोन्ही वेळा थांबायच्या आधीच्या दीड तासात खाण्याच्या रकान्यात काहीच नाहीये.

नवीन रेसचं रजिस्ट्रेशन निदान दोन आठवडे तरी करायचं नाही. मी तिसऱ्या दिवशीच रागात केलं होतं, गुडघा बरा व्हायच्या आत रेस आली आणि फी गेली.