घरी बांधलेल्या फिशिंग रॉडवरचे डाग : या चुका टाळा

इपॉक्सीचा (दोन घटक मिसळून कडक होणाऱ्या राळेचा) थर देऊन रात्रभर सुकवण्याच्या मोटारीवर फिरवलेला रॉड सकाळी खिडकीशी नेऊन पाहावा आणि तिसऱ्या गाइडच्या (गळाची दोरी ज्यातून जाते त्या कडीच्या) दोऱ्याच्या गुंडाळीवर टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन खड्डे दिसावेत, हा अनुभव घरी रॉड बांधणाऱ्याला कधी ना कधी येतोच. अशा वेळी हात शिवशिवतात आणि नखाने किंवा ब्लेडच्या टोकाने तो भाग खरवडून पाहण्याचा मोह होतो. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. अर्धवट सुकलेली इपॉक्सी कापली जात नाही, ती ताणली जाते आणि आपल्यासोबत खालचा दोराही उचकटते. ओली असताना बहुतेक दोष कुंचल्याने आणि स्पिरिटने निघतात, पूर्ण कडक झाल्यावर पॉलिश पेपरने निघतात. मधल्या वेळात मात्र रॉडला हात लावू नये.

बरेचसे डाग इपॉक्सी लावण्याआधीच तयार झालेले असतात आणि इपॉक्सीच्या चकाकीत ते फक्त ठळक होतात. गाइडच्या पायाचे (दोऱ्याखाली बांधल्या जाणाऱ्या धातूच्या पट्टीचे) टोक जाड राहिले, तर दोरा ब्लँकवरून (रॉडच्या मूळ काठीवरून) पायावर चढताना तिथे पायरी पडते आणि वेढ्यांमध्ये फट उरते. हे टोक बारीक कानशीने उतरते, जवळजवळ कागदाइतके पातळ करावे आणि पायाच्या तळाशी आलेली तीक्ष्ण कड घासून टाकावी, कारण ती कड ब्लँकमध्ये रुतते. वेढ्यांमधल्या बारीक फटी गुळगुळीत प्लॅस्टिकने, अगदी पेनाच्या टोपणाच्या पाठीनेसुद्धा, दाबत सरकवल्या की बुजतात. दोऱ्याचे उभे राहिलेले तंतू स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर फिरवून जाळावेत. एखादा तंतू नजरेतून सुटलाच, तर इपॉक्सी कडक झाल्यावर तिथे काटा लागल्यासारखा उंचवटा येतो. तो नव्या ब्लेडने वरच्या वर छाटून पुन्हा पातळ हात द्यावा.

रंगाची चूक मात्र नंतर दुरुस्त होत नाही. पांढरा किंवा फिका नायलॉन दोरा इपॉक्सीने भिजला की अर्धपारदर्शक होतो आणि काळ्या ब्लँकवर मळकट राखाडी दिसू लागतो. त्यासाठी गुंडाळीच्या एका कोपऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून पाहावा. भिजल्यावर दिसणारा रंग हाच साधारण अंतिम रंग असतो आणि थेंब थोड्याच वेळात उडून जातो. रंग टिकवणारे द्रावण वापरत असाल, तर ते दोऱ्यात पूर्ण मुरेल इतके भरपूर लावावे. हात आखडता घेतला, तर कोरड्या राहिलेल्या जागी इपॉक्सी शिरते आणि गुंडाळीवर चट्टे उठतात. असे चट्टे आल्यास ती गुंडाळी सोडून नव्याने बांधण्यावाचून इलाज नाही.

आता त्या खड्ड्यांकडे वळू. इपॉक्सी एखाद्या जागेवरून मागे सरते आणि मध्ये कोरडे वर्तुळ राहते, तेव्हा खाली तेलकटपणा आहे असे समजावे. तो बोटांचा असेल, सिलिकॉनचा असेल किंवा मेणाचा थर असलेल्या कागदी कपाचाही असेल. पिचकारीच्या रबरी दट्ट्यालाही अनेकदा सिलिकॉन लावलेले असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वरून आणखी इपॉक्सी ओतून असा खड्डा भरत नाही. थर पूर्ण कडक होऊ द्यावा, बारीक वॉटर पेपरने चमक जाईल इतकेच घासावे, दोरा उघडा पडू देऊ नये, अल्कोहोलने पुसावे आणि मग पातळ हात द्यावा.

बुडबुड्यांचे मूळ घाईने ढवळण्यात असते. दोन्ही घटक सारख्या मापाचे असतील, तर प्रत्येकी निदान ३ मिली घ्यावेत, कारण त्याहून कमी मापात थेंबभर फरकानेही प्रमाण बिघडते आणि थर चिकट राहतो. सावकाश ढवळलेले मिश्रण अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर पसरून ठेवले, तर बुडबुडे आपोआप फुटतात आणि ते उशिराने घट्ट होते. उरलेल्या बुडबुड्यांसाठी स्पिरिटची स्वच्छ ज्योत फिरत्या रॉडखालून झरकन न्यावी. मेणबत्ती किंवा साधा लायटर वापरू नये, त्याची काजळी थरात बसते. ज्योत जास्त वेळ धरली, तर दोऱ्याखालची हवा फुगून नवे बुडबुडे वर येतात. गाइडच्या पायाच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याखाली जो छोटा बोगदा राहतो, तो पहिल्याच थरात भरून घ्यावा; नाहीतर खाडीवर गरवायला जाणाऱ्याच्या रॉडमध्ये त्यातूनच खारे पाणी शिरते आणि पाय गंजू लागतो.

गुंडाळीच्या मध्यभागी फुगवटा येणे ही जाड हाताची खूण आहे. थर ओला असताना मोटार क्षणभर थांबवावी, जादा इपॉक्सी तळाशी लोंबू द्यावी, कुंचल्याच्या टोकाने ती उचलावी आणि लगेच मोटार चालू करावी. मायक्रोवेव्हची काचेची थाळी फिरवणारी, मिनिटाला ५-६ फेरे घेणारी मोटार या कामाला पुरते.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात काम करणाऱ्यांना सुकलेल्या थरावर कधी कधी दुधट, मेणचट साय आढळते. हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांची इपॉक्सीच्या हार्डनरशी (तिला कडक करणाऱ्या घटकाशी) प्रक्रिया होऊन ती बनते. ती नुसत्या स्पिरिटने पुसली की नीट निघत नाही, पसरते. कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी ती सहज धुतली जाते. त्यानंतर रॉड पूर्ण वाळवूनच पुढचा थर द्यावा.

कॉर्कच्या मुठीवरील खळगे हे मुळात झाडाच्या सालीतील श्वासरंध्रे असतात. त्याच कॉर्कचा भुसा पाण्याला टिकणाऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात मळून ते किंचित उंच भरावेत आणि वाळल्यावर घासावेत. घासण्याआधी मुठीलगतच्या ब्लँकवर मास्किंग टेपचे तीन-चार वेढे द्यावेत. ते मी एकदा टाळले होते आणि मुठीच्या वर बोटभर पट्ट्यातली ब्लँकची चमक कायमची गेली.

सर्वाधिक काळजी ब्लँकवरील ओरखड्याची घ्यावी. बसलेला गाइड काढताना ब्लेड नेहमी धातूच्या पायावरच चालवावे, ब्लँकच्या बाजूने कधीही नाही. ओरखडा दिसलाच, तर त्यावरून आडवे नख फिरवून पाहावे. नख न अडकता सरकले, तर तो बहुधा वरच्या लेपापुरता असतो आणि इपॉक्सीच्या पातळ हाताने दिसेनासा होतो. नख अडकले, तर कार्बनचे तंतू तुटल्याची शक्यता धरावी. असा ओरखडा सजावटीच्या गुंडाळीखाली झाकून रॉड दुसऱ्याच्या हाती देणे मला मान्य नाही, कारण जिताड्यासारख्या मोठ्या माशाने पहिला जोर लावताच तो तिथेच मोडू शकतो.