वर्षभरातल्या आवडत्या अल्बमची यादी कशी करायची

डिसेंबर लागला की ज्याला त्याला वर्षाची यादी करायची हुक्की येते, मग लोक प्लेलिस्ट उघडून बसतात आणि आठवायला लागतात की यंदा काय काय आलं होतं बरं, आणि आठवतं काय तर दिवाळीनंतर जे ऐकलं तेच. जानेवारी-फेब्रुवारीत ज्या अल्बमने झोप उडवली होती त्याचं नावसुद्धा येत नाही तोंडात. माझं म्हणणं एवढंच की यादी डिसेंबरात करायची नसते, तेव्हा ती फक्त छाटायची, करायची वर्षभर. कशी ते सांगतो. उदाहरणं मुद्दाम २०२४ ची घेतोय, एक तर ती यादी आता चांगली मुरलीये आणि यादी करताना येणारी जवळजवळ प्रत्येक भानगड त्या एका वर्षात होती.

आधी अल्बम कशाला म्हणायचं ते एकदाच ठरवून टाका, नाहीतर वर्षभर स्वतःशीच भांडत बसाल. ग्रॅमी पुरस्कारवाल्यांचा नियम सुटसुटीत आहे, निदान ५ वेगवेगळे ट्रॅक आणि १५ मिनिटं, किंवा मग ट्रॅक कितीही असोत पण ३० मिनिटं भरली पाहिजेत. ही दुसरी सोय शास्त्रीय ऐकणाऱ्यांच्या फार कामाची, कारण एका रागाचा विलंबित आणि द्रुत मिळून पाऊण तास असेल तर ट्रॅक दोनच दिसतात पण अल्बम तो आहेच की. फक्त हाच नियम सैराटला लावला तर सैराट बाद! चार गाणी, एकवीस मिनिटांच्या आसपास, खेळ खल्लास. आता २०१६ च्या यादीतून सैराट वगळायचा म्हणजे... छे. म्हणून सिनेमासाठी माझा नियम वेगळा, सिनेमाची गाणी एकत्र आली की तो अल्बम, मग चार का असेनात. याउलट सुटं गाणं कितीही गाजू दे, ते इथे नाही. रॅपर हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्ज' २०२४ मध्ये जगभर वाजलं, पण ते एक गाणं आहे, त्याला गाण्यांच्या वेगळ्या यादीत टाका.

डिलक्स (तोच अल्बम जादा गाणी जोडून), रिमिक्स वगैरे प्रकारांचंही तेव्हाच ठरवा. इंग्लिश पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' जूनमध्ये आला आणि ऑक्टोबरात त्याचाच अख्खा रिमिक्स अल्बम आला, बहुतेक गाण्यांत नवीन पाहुणे, काही गाणी तर ओळखू येणार नाहीत इतकी बदललेली. मी दोन्ही मिळून एकच जागा देतो. तुम्हाला दोन द्यायच्यात तर द्या, पण मग सगळ्यांनाच द्या.

दुसरी कटकट वर्षाची. जानेवारी ते डिसेंबर हे कॅलेंडरला ठीक आहे, ऐकणाऱ्याला नाही. अजय-अतुलचेच दोन बघा, नटरंग थिएटरला लागला १ जानेवारी २०१० ला आणि गाणी त्याच्या आधीच वाजायला लागली होती, आणि वेड लागला ३० डिसेंबर २०२२ ला, म्हणजे २०२२ चे उरले होते दोन दिवस, सगळा ऐकला तो २०२३ मध्ये. बाहेरही तेच. बियॉन्सेने २०१३ मध्ये १३ डिसेंबरला कोणाला न सांगता अल्बम टाकला, डी'अँजेलोचा 'ब्लॅक मसाया' २०१४ मध्ये १५ डिसेंबरला आला, सिझाचा 'एसओएस' २०२२ मध्ये ९ डिसेंबरला, आणि तिन्ही वेळा बऱ्याच मासिकांच्या याद्या तोवर छापून मोकळ्या झालेल्या. सगळ्यात मजा 'लंडन कॉलिंग'ची, द क्लॅश या इंग्लिश बँडचा हा अल्बम इंग्लंडात आला डिसेंबर १९७९ मध्ये, अमेरिकेत जानेवारी १९८० मध्ये, आणि रोलिंग स्टोन या अमेरिकन मासिकाने त्याला ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवून टाकलं, घ्या!

तर मी सरळ १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर असं वर्ष धरतो. डिसेंबरात येईल ते पुढच्या वर्षाच्या खात्यात, त्याला ऐकायला अख्खं वर्ष मिळतं. या हिशोबात रॅपर केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स', जो २२ नोव्हेंबर २०२४ ला अचानक येऊन आदळला, तो काठावर पास झाला.

आता मुख्य काम म्हणजे वही. फोनमधलं नोट्स अ‍ॅप चालेल, एक्सेल चालेल, किराणा लिहायची डायरी असेल तर तीही चालेल. जुलै २०१५ पासून जगभर नवीन अल्बम शुक्रवारी येतात (आपल्याकडे सिनेमाचाही शुक्रवारच, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं), तर शुक्रवारी काय काय आलं ते नुसतं बघून नावं टाकून ठेवायची, ऐकायचं शनिवार-रविवारी निवांत. प्रत्येक अल्बमपुढे लिहायचं ते एवढंच: कधी ऐकला, कुठे ऐकला, कुठल्या गाण्याला हातातलं काम थांबलं, आणि परत ऐकायचाय का. स्टार देऊ नका प्लीज. पहिल्याच ऐकण्याला साडेचार स्टार दिले की डोकं त्या साडेचारला चिकटून बसतं आणि सप्टेंबरमध्ये तोच अल्बम बोअर झाला तरी हात मागे येत नाही.

नोंद कशी असावी ते दाखवतो. बिली आयलिशच्या 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट'ची माझी नोंद अशी आहे: "१७ मे चा. दहा गाणी, पाऊण तासाच्या आत. 'लामूर द मा वी' अर्ध्यात पलटी मारतं, आधी जॅझसारखं सुस्त आणि मग एकदम सिंथ आणि ऑटोट्यून, भाजी चिरता चिरता थांबलो. परत." बस. तिने या अल्बममधलं एकही गाणं आधी सोडलं नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना सगळं नवं होतं आणि ती पलटी अशी अंगावर आली. नंतर 'बर्ड्स ऑफ अ फेदर' सगळीकडे वाजून वाजून इतकं झालं की अल्बम म्हटलं की तेवढं एकच गाणं आठवायचं, पण वहीत मे महिन्यातली ती ओळ होती म्हणून डिसेंबरात कळलं की मला मुळात काय आवडलं होतं.

दुसरी नोंद द क्युअर या इंग्लिश बँडच्या 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'ची: "१ नोव्हेंबर. पहिल्याच गाण्यात गायक तोंड उघडतो तीन मिनिटं उलटल्यावर. लोकलमध्ये काही कळलं नाही. घरी, रात्री, मोठे हेडफोन." सोळा वर्षांनी आलेला अल्बम, आठच गाणी, शेवटचं दहा मिनिटांचं आणि त्यातही आवाज यायला सहा मिनिटं थांबावं लागतं. असा अल्बम कुठे ऐकला हे लिहिलं नसेल तर तुम्ही लोकलमधल्या गर्दीवर राग काढाल आणि नाव अल्बमचं खराब होईल, म्हणून 'कुठे ऐकला' हा रकाना गाळू नका.

आता लोक म्हणतील एवढं कशाला, स्पॉटिफायचं रॅप्ड, म्हणजे तुम्ही वर्षभर काय ऐकलं त्याचा हिशोब, येतंच की डिसेंबरच्या तोंडावर, अ‍ॅपल म्युझिकचं तसंच रिप्ले आहे, लास्ट एफएम तर कधीपासून सगळं मोजतंय. मोजतात, मान्य. पण ते काय मोजतात ते बघा ना. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक प्ले धरला जातो. टेलर स्विफ्टने एप्रिल २०२४ मध्ये १६ गाण्यांचा अल्बम काढला आणि दोन तासांनी आणखी १५ गाणी जोडली, झाली ३१. तो अल्बम एकदा पूर्ण ऐकलात की ३१ प्ले. द क्युअरचा एकदा पूर्ण ऐकलात की ८. म्हणजे आकड्यात नुसतं बरोबरीला यायला द क्युअर चार वेळा अख्खा ऐकायला लागेल, आणि ते ३० सेकंदवालं गणित त्या पहिल्या गाण्याला लावलं तर गायक यायच्या कितीतरी आधी प्ले मोजून मोकळे! त्यात रात्री झोपताना लावलेली पावसाच्या आवाजाची प्लेलिस्ट, घरातल्या पोरांनी तुमच्याच अकाउंटवर वाजवलेली बडबडगीतं, जिममधलं तेच ते एक गाणं, हे सगळं तुमच्या नावावर. शिवाय मोजणी वर्ष संपायच्या काही आठवडे आधीच थांबते, ते वेगळंच.

आणि जे तिथे नाहीच त्याचं काय? सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली' २०२४ च्या मार्चमध्ये आला, दोन तासांचा, ३२ गाणी, आणि आला कुठे तर यूट्यूबवर एक लांबच लांब व्हिडिओ आणि एक जुनाट दिसणारी जिओसिटीजची वेबसाइट जिथून फाइली उतरवून घ्यायच्या. स्पॉटिफायवर तेव्हा नव्हताच. पिचफोर्क या संगीताच्या वेबसाइटने तो वर्षातला पहिल्या नंबरचा अल्बम ठरवला, आणि ज्याने तो जीव लावून ऐकला त्याच्याही रॅप्डमध्ये शून्य. म्हणून रॅप्डचा उपयोग फक्त विसरलेलं आठवायला करा, स्क्रीनशॉट घ्या, वहीशी ताडून बघा, नंबर तिथून उचलू नका.

साधारण ऑक्टोबरात वहीत 'परत' लिहिलेले सगळे अल्बम काढा आणि खरंच परत ऐका, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, शफल बंद करून. शफलवरून आठवलं, २०२१ मध्ये अडेलने मागणी केली म्हणून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर आपोआप शफल व्हायचं बंद केलं, तिचं म्हणणं होतं की गाण्यांचा क्रम आम्ही विचार करून लावतो. बरोबरच आहे बाईंचं. आपल्याकडे 'गारवा' ज्यांनी कॅसेटवर ऐकलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको, आधी सौमित्रच्या आवाजात ओळी आणि मग मिलिंद इंगळेचं गाणं, ते तसंच्या तसं ऐकण्यात जे आहे ते सुटं गाणं लावून येत नाही.

या दुसऱ्या फेरीत धडाधड नावं गळतात. मेमध्ये भारी वाटलेलं ऑक्टोबरात चौथ्या गाण्यापाशी कंटाळा देतं, गळू द्या. आणि एखादा गपचूप वर येतो. माझ्याकडे अरूज आफताबचा 'नाइट रेन' असाच वर आला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा "छान, रात्रीचा" एवढंच लिहिलं होतं, दुसऱ्या फेरीत शब्दांकडे कान गेला तर त्यात महलका बाई चंदाची शायरी, ही आपल्या शेजारची, हैदराबाद दख्खनची अठराव्या शतकातली शायरा, आणि ती शायरी ब्रुकलिनमध्ये राहणारी ही पाकिस्तानी बाई जॅझ वाजवणाऱ्यांना सोबत घेऊन गातेय, एकदम हळू, घाई म्हणून नाहीच. तिथून तो अल्बम खालीच आला नाही.

सिनेमाचे अल्बम मात्र दोनदा जोखा, एकदा पडद्यावर बघून आणि एकदा नुसतं ऐकून. 'अमरसिंग चमकीला'ची रहमानची गाणी सिनेमा बघितल्यावर जास्तच चढतात, साहजिक आहे, पण यादीत घ्यायचं तर चित्र डोळ्यासमोर नसतानाही उभी राहतात का ते बघायला पाहिजे. राहतात.

आता नंबर लावायचे. इथे बहुतेक जण अडकतात, तिसरा की चौथा यावरच रात्र जाते. यावर न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॉइस या साप्ताहिकाची जुनी युक्ती वापरा. ते समीक्षकांचं 'पॅझ अँड जॉप' नावाचं मतदान घ्यायचे, त्यात प्रत्येकाकडे १०० गुण आणि ते १० अल्बममध्ये वाटायचे, एकाला जास्तीत जास्त ३० आणि कमीत कमी ५. नुसत्या क्रमवारीत पहिला आणि दुसरा यांच्यातलं अंतर कळतच नाही, गुण वाटायला बसलं की खिशातून पैसे गेल्यासारखं होतं आणि खरं काय ते बाहेर येतं. माझं २०२४ चं वाटप असं झालं: 'नाइट रेन'ला २०, द क्युअरला १६, 'डायमंड ज्युबिली'ला १४, बिलीला १२, 'जीएनएक्स'ला ९, चमकीलाला ८, 'ब्रॅट'ला ६, आणि दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा', वॅक्साहॅचीचा 'टायगर्स ब्लड' आणि एमजे लेंडरमनचा 'मॅनिंग फायरवर्क्स' यांना ५-५. (हा लेंडरमन 'टायगर्स ब्लड'वरही गिटार वाजवतो, म्हणजे गड्याला खरं तर दोन्हीकडून मिळाले.) शेवटच्या तिघांत कोण वर कोण खाली याचा मी विचारही केला नाही, करूही नका.

मग प्रत्येकापुढे एक-दोन ओळी. "अप्रतिम", "मास्टरपीस", "अंगावर काटा" हे शब्द सगळ्यांच्याच यादीत असतात, त्यातून वाचणाऱ्याला कळत काहीच नाही. त्यापेक्षा वही उघडा आणि तिथली ओळ जशीच्या तशी द्या, कुठलं गाणं, कितव्या मिनिटाला काय होतं, कुठे ऐकावं. वाचणारा निदान ते एक गाणं लावून बघेल.

टाकायची कधी, तर डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, त्याआधी नको, नोव्हेंबरच्या शेवटी आलेल्यांना दोन-तीन वेळा ऐकायला वेळ द्या. आणि टाकलीत की "अरे अमुक कसा नाही?" म्हणणारे येणारच, हमखास. हुज्जत घालू नका, नाव लिहून घ्या आणि जानेवारीत ऐका, तसंही जानेवारीत नवीन फारसं येत नाही. माझ्या वहीत मागच्या पानावर 'राहून गेलेले' असा रकाना आहे त्यासाठी. त्यातला एखादा फारच आवडला तरी जुन्या यादीत मागाहून घुसवायचा नाही, तारीख टाकून तिथेच ठेवायचा आणि डिसेंबरपासून आलेली नवीन नावं पुढच्या पानावर लिहायला घ्यायची.