दोन प्रोसेसरांची तुलना कशी करावी: एका कोटेशनच्या निमित्ताने

माझी भाची पुण्यातच आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नवा संगणक असेंबल करून घ्यायचा म्हणून ती तपकीर गल्लीतल्या दोन दुकानांची कोटेशने घेऊन आली. एकात प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, इंटेलचा कोअर आय५-१३४०० होता आणि दुसऱ्यात एएमडीचा रायझेन ५ ७६००. ‘मामा, यातला चांगला कोणता?’ असे तिने विचारले. या प्रश्नात ‘कशासाठी’ हा शब्द राहून गेला होता, आणि तुलना सुरू करायची ती तिथूनच.

म्हणून पहिले काम कागदावर करावे. आठवडाभरात संगणकावर कोणती कामे होतात आणि त्यांपैकी कोणत्या कामात आपण हात बांधून वाट पाहत बसतो, एवढे लिहून काढावे. भाचीच्या यादीत ऑटोकॅड आणि स्केचअप दिवसभर होते, तर रेंडरिंग (मॉडेलवरून खरेखुरे भासणारे चित्र तयार करणे) सबमिशनच्या आधीच्या दोन-तीन रात्री. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ऑटोकॅड आणि स्केचअप ही आराखडे आणि मॉडेल काढायची सॉफ्टवेअर मुख्यतः एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरातल्या एकाच गणनाकेंद्रावर, चालतात. प्रोसेसरात सहा कोअर असोत की सोळा, मॉडेल फिरवताना जो अडखळा जाणवतो तो एका कोअरच्या वेगावर ठरतो. प्रोसेसरवर केलेले रेंडरिंग मात्र मिळतील तेवढे सगळे कोअर वापरते.

जास्त कोअर म्हणजे जास्त वेग, हे गणित किती फसवे आहे ते संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या नियमावरून कळते. एखाद्या कामाचा ६० टक्के भागच कोअरांमध्ये वाटता येत असेल, तर एका कोअरला १०० मिनिटे लागणारे ते काम सहा कोअरवर ५० मिनिटांत होईल आणि दहा कोअरवर ४६ मिनिटांत. चार जादा कोअरांनी वाचवली ती अवघी चार मिनिटे. त्याच कामाचा ९५ टक्के भाग वाटता येत असेल, तर हेच आकडे सुमारे २१ आणि साडेचौदा मिनिटे असे होतात, आणि तिथे मात्र त्या चार कोअरांचे पैसे वसूल होतात.

यानंतर तांत्रिक माहितीचा तक्ता उघडावा. आय५-१३४०० मध्ये दहा कोअर आणि सोळा थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामाचे धागे) आहेत, रायझेन ५ ७६०० मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड. परंतु इंटेलच्या दहांपैकी सहाच पूर्ण ताकदीचे आहेत. उरलेले चार कमी वीज खाणारे, लहान कोअर आहेत. रेंडरिंगमध्ये ते हातभार लावतात, पण सहाच्या जोडीला त्याच तोडीचे आणखी चार मिळाले असे समजू नये. गिगाहर्ट्झचेही, म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात त्या आकड्याचेही, तसेच. पहिल्याचा कमाल वेग ४.६ आणि दुसऱ्याचा ५.१ गिगाहर्ट्झ असला, तरी वेगवेगळ्या रचनेच्या प्रोसेसरांचे हे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत, कारण दर ठोक्याला किती काम उरकते ते त्यांतून समजत नाही. इंटेलचा पेंटियम ४ तर २००४ सालीच ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला होता आणि रायझेन ५ ७६०० चा मूळ वेगही ३.८ गिगाहर्ट्झच आहे. या दोघांच्या कामात जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे सांगायला नको. गिगाहर्ट्झ पाहायचाच तर एकाच कंपनीच्या, एकाच पिढीच्या दोन प्रोसेसरांमध्ये पाहावा.

नावाच्या शेवटचे अक्षरही वाचावे. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात ग्राफिक्स नसते आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर चित्र येत नाही. ‘एफ’चा प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण कार्ड कधी बिघडले, तर नवे येईपर्यंत संगणक झाकून ठेवावा लागतो. वरील दोन्ही प्रोसेसरांत कामापुरते ग्राफिक्स आहे.

खरी तुलना होते ती चाचण्यांच्या आकड्यांवर. सिनेबेंचसारख्या चाचणीत एका कोअरचा आणि सर्व कोअरांचा असे दोन गुण स्वतंत्र मिळतात, आणि आपण केलेल्या यादीनुसार त्यांपैकी कोणत्याला वजन द्यायचे ते ठरवता येते. आपल्या दोन उमेदवारांचे चित्र साधारण असे आहे की एका कोअरच्या कामात आणि गेममध्ये रायझेन पुढे राहतो, तर सर्व कोअर राबवणाऱ्या कामात आय५ थोडी आघाडी घेतो. मात्र एकाच चाचणीवर विसंबू नये. निदान तीन वेगवेगळ्या परीक्षकांचे आकडे घ्यावेत आणि प्रत्येकाने कोणती रॅम व कोणता कूलर वापरला तेही पाहावे. गेमच्या चाचण्या तर आणखी सावधपणे वाचाव्या लागतात. परीक्षक प्रोसेसरांमधला फरक उघडा पाडण्यासाठी मुद्दाम सर्वांत महागडे ग्राफिक्स कार्ड लावून १०८० पिक्सेलवर खेळतात. आपल्या घरी मध्यम कार्ड असेल, तर ते कार्डच आधी थकते आणि दोन्ही प्रोसेसर जवळजवळ सारखेच दिसतात.

दुकानात प्रात्यक्षिक मिळत असेल तर जरूर घ्यावे, पण डोळे उघडे ठेवून. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मला दोन संगणक शेजारी-शेजारी चालवून दाखवण्यात आले आणि महागड्या प्रोसेसरचा वेग नजरेत भरला. घरी आल्यावर लक्षात आले, की स्वस्त संगणकात रॅमची एकच पट्टी होती आणि महागड्यात दोन. एका पट्टीमुळे रॅमचा मार्ग निम्मा होतो, तेव्हा ती शर्यत प्रोसेसरांची नव्हतीच. दोन्हीकडे रॅम सारखी, तिच्या पट्ट्याही सारख्याच, आणि चाचणी किमान दहा मिनिटे सलग, एवढ्या अटी घालाव्यात. पहिल्या मिनिटाला सगळेच प्रोसेसर जोमात असतात. तापल्यावर कोण वेग कमी करतो ते नंतर कळते.

आता पैशांकडे. बहुतेक जण प्रोसेसरची किंमत त्याच्या गुणांशी ताडतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथेच होते. उदाहरणासाठी असे धरू, की ‘अ’ प्रोसेसर १५,००० रुपयांना आणि ‘ब’ १९,००० रुपयांना आहे. एक रेंडर ‘अ’वर २४ मिनिटांत होतो, ‘ब’वर २० मिनिटांत. म्हणजे ‘ब’ २० टक्के वेगवान आणि सुमारे २७ टक्के महाग, अर्थात तोट्याचा सौदा. पण प्रोसेसर एकटा चालत नाही. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), कॅबिनेट धरून ‘अ’चा संगणक ५५,००० रुपयांना पडत असेल, तर ‘ब’चा ५९,००० ला पडेल, किंमत सुमारे ७ टक्क्यांनी वाढली आणि वेग २० टक्क्यांनी. सौदा उलटला. याउलट घरातला मदरबोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचा असेल, तर वेगाची तुलना त्या एका सुट्या भागाच्या किमतीशीच करायची. प्रत्यक्ष खिशातून जी रक्कम जाणार आहे, जीएसटीसकट, तीच हिशेबात धरावी. एका दुकानाचा भाव करासह आणि दुसऱ्याचा कराशिवाय असेल, तर १८ टक्क्यांची गफलत होते.

या एकूण रकमेत रॅमचा वाटा मोठा असतो. रायझेन ५ ७६०० ला नव्या पिढीची डीडीआर५ रॅमच लागते. आय५-१३४०० साठी डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड मिळतात. जुन्या संगणकातली ३२ जीबी डीडीआर४ रॅम सुस्थितीत असेल, तर आय५ घेऊन ती पुन्हा वापरता येते आणि मोठी रक्कम वाचते. दुसऱ्या पारड्यात पुढच्या बदलाची सोय आहे. आय५-१३४०० ज्यात बसतो ते इंटेलचे एलजीए१७०० सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसरची खोबण) चौदाव्या पिढीवर थांबले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या प्रोसेसरांना वेगळे सॉकेट लागते. रायझेन ५ ७६०० च्या एएम५ सॉकेटवर मात्र २०२४ मधली रायझेन ९००० मालिकाही बायॉस (मदरबोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून बसते. ही सोय वापरणार असाल तरच तिला किंमत द्यावी. पाच-सात वर्षे संगणकाचे झाकणही न उघडणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

विजेच्या आकड्यांचा लोक उगाच धसका घेतात. दोन्ही प्रोसेसरांवर ६५ वॅट लिहिलेले असते, पण तो कमाल वापर नव्हे. आय५-१३४०० साठी इंटेलने कमाल १४८ वॅट सांगितले आहेत, तर ७६०० ची मर्यादा ८८ वॅट आहे. दोन प्रोसेसरांत पूर्ण भाराखाली ४० वॅटांचा फरक धरला आणि रोज चार तास, वर्षाचे ३०० दिवस तसे काम झाले, तर ४८ युनिटे जादा जळतील. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला ४८० रुपये. या रकमेवर निवड ठरवू नये. उष्णता आणि यूपीएस यांचा विचार मात्र करावा. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून रेंडर लावणाऱ्याला कूलरचा आवाज रात्रभर ऐकावा लागतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. त्यातून ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर यांचे वॅट वजा केले की प्रोसेसरला किती उरतात, ते आधीच मोजून ठेवावे.

भाचीकडे जुनी रॅम नव्हती, दिवसाचे काम एका कोअरचे होते, आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही कोटेशनांत असल्यामुळे रेंडरिंगचा बराच भार कार्डावर टाकता येणार होता. म्हणून तिने रायझेन घेतला. तिच्या मैत्रिणीकडे डीडीआर४ च्या दोन पट्ट्या पडून होत्या. तिला मी आय५ सुचवला. दोघींना एकच गोष्ट बजावून सांगितली, की प्रोसेसर बंद खोक्यातलाच मागायचा आणि खोक्यावरचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्यायचा. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. खोक्याविना सुट्या मिळणाऱ्या ‘ट्रे’च्या मालाला ती थेट मिळत नाही, आणि स्वस्त कोटेशनमधला फरक पुष्कळदा तेवढाच असतो.