गच्चीवर गालीचा धुवायला काढताय? या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि दिवाळी जवळ आली की मला फोनची धास्ती वाटते. मी जळगावात गालीचे धुण्याचं आणि रफू करण्याचं काम करतो. एरवी लोक विचारतात, गालीचा धुवायचा आहे, किती घ्याल? सणाच्या तोंडावर मात्र फोन येतो तो धुऊन झाल्यावर.

आपल्याकडे खानदेशात हातविणीचे गालीचे फार घरांत नाहीत. असला तर एखादा, काश्मीरच्या सहलीतून आणलेला, लग्नात आलेला किंवा आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला. एकुलता एक असल्यानं त्याचे लाड होतात, पण त्याची जात कुणाला माहीत नसते. मग सतरंजी धुवावी तसा तो धुतला जातो, आणि नेमका तिथेच घात होतो.

रंग न तपासता पाणी ओतणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की यावर जरा सविस्तरच लिहितो.

एका आखाजीला मुलगी माहेरी येणार म्हणून एका घरात साफसफाई चालली होती. ताईंच्या वडिलांनी श्रीनगरहून आणलेला रेशमी गालीचा होता. ४ बाय ६ फूट, लाल जमीन, मधोमध हस्तिदंती चांद. मागून मोजलं तर एका इंचात १८ उभ्या आणि १८ आडव्या गाठी, म्हणजे चौरस इंचाला ३२४. असं काम कारागिराचे कित्येक महिने खातं. त्या गालिच्यावर सोलरचं कढत पाणी ओतलं, कपड्यांची पावडर टाकली, अर्धा तास भिजू दिला आणि प्लास्टिकच्या ब्रशनं घासला. मग दोघांनी उचलून गच्चीच्या कठड्यावर टाकला. वर ४४ अंशांचं ऊन. लाल रंग पाण्याबरोबर खाली उतरत गेला आणि तासाभरात चांद गुलाबी झाला. मी पोचलो तेव्हा ताई दारातच म्हणाल्या, "आते काय करानं, भाऊ?"

त्यांनी मेहनतीत काही कमी केली नव्हती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. कढत पाण्यानं रंग सैल होतो. कपड्यांची पावडर सुती कपड्यांसाठी बनलेली असते, तिच्यात क्षार असतात. लोकर आणि रेशीम ही आपल्या केसांसारखी प्रथिनं आहेत. क्षारानं त्यांची चमक जाते, धागा खरखरीत होतो आणि रंग आणखी सुटतो. कठड्यावर टांगल्यावर ओल्या गालिच्याचं सगळं ओझं ताण्याच्या, म्हणजे विणीतल्या उभ्या सुतावर आलं. त्याची किनार लाटेसारखी वाकली, ती अजून तशीच आहे. दोन दिवस खपून मी गुलाबी छटा फिकी केली, पण पूर्ण काढू शकलो नाही.

हे टाळायला लागतात पंधरा-वीस मिनिटं. पांढरं सुती फडकं साध्या गार पाण्यात भिजवून पिळायचं, प्रत्येक रंगावर ठेवायचं आणि वर जड पुस्तक ठेवून पाच मिनिटं थांबायचं. लाल, गडद निळा आणि काळा हे रंग तर चुकवायचेच नाहीत. साबण वापरणार असाल तर त्याच साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुन्हा तेच. फडक्यावर किंचित जरी रंग उतरला तरी तो गालीचा घरी धुवायचा नाही. दुकानदारानं रंग पक्का असल्याचं सांगितलं होतं, हा काही पुरावा नव्हे. मिठाच्या पाण्यानं सुटणारा रंग थांबतो, असंही खूप जण सांगतात. थांबत नाही.

धूळ न काढता ओला करणं

ही माझ्या मते दुसरी मोठी चूक, आणि तिच्यामागे निव्वळ घाई असते. वैशाखातल्या वावटळींनी आपल्या घरांत किती माती येते ते तुम्हाला सांगायला नको. ती काळी माती लवेच्या, म्हणजे वरच्या मऊ धाग्यांच्या तळाशी, गाठींच्या मुळाशी जाऊन बसते. वरून गालीचा स्वच्छ दिसतो. पाणी पडलं की आत चिखल होतो आणि वाळल्यावर सुताला धरून बसतो. कोरडी असली तरी बारीक वाळू पायाखाली कानशीसारखी काम करते आणि लव मुळातून कापत जाते.

माझी सवय सांगतो. सुतळीची बाज अंगणात काढायची आणि गालीचा तिच्यावर पालथा टाकायचा, लव खाली. पाठीवर हातानं किंवा पातळ बांबूच्या काडीनं हलके हलके थापटायचं. धूळ बाजेतून खाली पडते. खाली जुनं धोतर अंथरलं की किती पडली ते दिसतं. जागा बदलत बदलत, धूळ यायची थांबेपर्यंत हे करायचं. पहिल्यांदा तासभर सहज जातो. भिंतीवर टाकून दणादण झोडपू नका, जुन्या गालिच्याचे ताणे त्यानं तुटतात. व्हॅक्यूम वापरणार असाल तर फिरता ब्रश काढून, लवेच्या दिशेनं आणि झालरीपासून लांब. हात फिरवल्यावर ज्या बाजूला मऊ लागतं ती लवेची दिशा.

एवढं केल्यावर दहातल्या सात-आठ गिऱ्हाइकांना मी धुवायची गरज नाही असं सांगून परत पाठवतो.

हळदीच्या डागाला साबण

लग्नघरातली ही नेहमीची गोष्ट. हळद सांडते, कुणीतरी साबण लावतं, डाग लालभडक होतो. हळदीतला पिवळा रंग क्षार लागला की लाल होतो, आपलं कुंकूही पूर्वी असंच बनायचं. घरातले घाबरतात, कुणीतरी बाथरूममधलं ब्लीच आणतं. मी एका लोकरी गालिच्यावर तळहाताएवढी जागा पाहिली आहे जिथे लव उरलीच नव्हती, खालचं सूत उघडं पडलं होतं. क्लोरीनचं ब्लीच लोकर आणि रेशीम अक्षरशः विरघळवतं. ते गालिच्याजवळ आणूसुद्धा नका. हळद कोरडी असेल तर चमच्यानं उचला, ओली असेल तर पांढऱ्या फडक्यानं टिपा. डागाच्या कडेकडून मध्याकडे, दाबून, न घासता. उरलेला पिवळेपणा कोवळ्या उन्हात हळूहळू उडतो. तेवढाच भाग उघडा ठेवून बाकीचा झाकायचा, नाहीतर हळदीबरोबर गालीचाही फिका पडेल.

शेवभाजीची तर्री सांडली तरी आधी टिपणंच. घासलं तर तेल आत जातं. केळीच्या चिकाबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. शेतातून आलेल्या कपड्यांनी गालिच्यावर बसू नये, एवढंच सांगतो. वाळून तपकिरी झालेला चीक मला आजवर पूर्ण निघालेला दिसलेला नाही.

काही छोट्या, पण महाग पडणाऱ्या चुका

खायचा सोडा भुरभुरवणं: तो सगळा परत निघत नाही, आणि दमट हवेत तोच क्षार लोकरीला लागतो. रिठा कपड्यांच्या पावडरीपेक्षा सौम्य आहे, पण त्याचं तपकिरी पाणी फिक्या लोकरीवर छटा सोडतं. बोअरच्या जड पाण्यात साबणाची साय धरते आणि लव चिकट होते, शेवटचं पाणी तरी गोडं घ्या. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप तर नकोच. पिळणंही नाही. घडी घालून ठेवू नका, गुंडाळा, आणि आत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवलात तरी दर दोन महिन्यांनी उघडून बघा. कसर अंधारात, सोफ्याखाली, जिथे कुणी हलवत नाही तिथेच लागते.

आणखी एक, विकत घेतानाच कळायला हवं असं. गालीचा उलटा करून बघा. मागेही नक्षी आणि गाठी दिसल्या तर तो हातविणीचा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे लव डिंकासारख्या लेटेक्सनं धरलेली. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच पट्ट्यातून टफ्टेड मालही भरपूर येतो. टफ्टेड भिजवला की लेटेक्स सुटतं आणि वाळायला दिवसेंदिवस लागतात. 'आर्ट सिल्क' म्हणून विकलेला माल बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला नकली रेशमी धागा असतो. ओला झाल्यावर त्याच्या धाग्याची ताकद जवळपास निम्मी होते, तो घासलात तर लवेचा भुगाच हातात येईल.

बिघडलंच असेल तर

रंग सुटताना दिसला तर आणखी पाणी ओतू नका आणि उन्हात टाकू नका. सपाट ठेवा, पांढरे टॉवेल दाबून पाणी ओढा, टॉवेल बदलत राहा, वरून आणि खालून पंख्याची हवा द्या. बाज इथेही कामाला येते, सावलीत.

वाळल्यावर झालरीजवळ किंवा फिक्या भागात पिवळट-तपकिरी छटा आली, तर ती बहुधा हळू वाळल्यामुळे खालच्या सुतातून वर आलेली असते. पांढऱ्या व्हिनेगरचा एक भाग आणि पाण्याचे चार, यात फडकं ओलसर करून आधी कोपऱ्यात करून बघा. तिथेही रंगाची तीच फडक्याची परीक्षा.

ओल्या लोकरीला वास येतोच, वाळला की जातो. वाळूनही कुबट वास राहिला तर आत बुरशी धरली आहे. त्यावर अत्तर मारू नका. कोपरा हलकेच मागे वाकवून कान द्या. कडकड असा बारीक आवाज आला तर आतलं सूत कुजलं आहे, आणि त्या गालिच्याला आता पाण्याचा थेंबही लागू देऊ नका.

कारागिराकडे न्यायचा असेल तर ओला असतानाच न्या, सैल गुंडाळून, मधे पांढरी चादर घालून. माझ्याकडे बहुतेक गालीचे आठ-दहा दिवसांनी येतात, कडक वाळलेले, प्लास्टिकच्या पिशवीत. तोपर्यंत सुटलेला लाल रंग शेजारच्या लोकरीत पक्का बसलेला असतो.